भरली गाडी, रिकामी गाडी

मापसाहेबांनी आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि तीही अर्ध्या इंचापर्यंत अचूक होती.

बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात होते. लोकांना वाटतं, वजनमापे हे एकच खातं. बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलंही असतं. आत मात्र ती दोन राज्यं होती. व्हरांड्याच्या डाव्या हाताला मापाची खोली, उजव्या हाताला वजनाची. कापडवाल्यांचे मीटर, तेलवाल्यांचे लिटर, पेट्रोलपंप हे सगळं डावीकडे. तराजू, काटे, वजनं उजवीकडे. उजवीकडच्या खोलीत 'वजनवाले' म्हणून एक गृहस्थ बसत. त्यांचं आणि मापसाहेबांचं एका फिरत्या खुर्चीवरून जे बिनसलं ते कायमचंच. तेव्हापासून मापसाहेबांनी तो व्हरांडा ओलांडला नाही. वजनासंबंधी कोणी काही विचारलं, तर ते नुसतं बोट दाखवून 'समोर' म्हणत. ही गोष्ट वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावी, कारण ऐन वेळी मापसाहेबांच्या ती लक्षात राहिली नाही.

निवृत्त झाल्यावर टेप मात्र सुटली नाही. शर्टाच्या खिशात पेन, पँटच्या खिशात टेप. इमारतीत कोणी सोफा घ्यायचा म्हटला तरी आधी मापसाहेबांना बोलावणं जाई, आणि सोफा दारातून आत गेला की श्रेय दुकानदाराला जाई. तर अशा माणसानं घरचं एक काम अंगावर घेतलं. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, सामानासकट आपल्या मजल्यावरच्या समोरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आणायचं.

दादा बहात्तर वर्षांचा, निवृत्त हेडमास्तर, अंगानं भरभक्कम. वहिनी गेल्यापासून एकटाच राहत होता. गेल्या महिन्यात तो न्हाणीघरात पडला आणि दोन तास तसाच होता. दूधवाल्यानं खिडकीतून हाका मारल्या तेव्हा आतून शाळेतल्या आवाजात उत्तर आलं, "पडलो नाही. बसलोय जरा!" शेवटी दूधवाल्यानंच मापसाहेबांना फोन केला. मापसाहेब धावत गेले, तर हेडमास्तर त्यांनाच रागावले. "तुला कोणी बोलावलं? तुझ्याने काही होत नाही आणि धावत मात्र पहिला येतोस." पंधरा दिवसांनी दादा दुसऱ्यांदा 'बसला', आणि मग कुठे यायला तयार झाला. तेही अट घालून. "माझ्यापायी तिथे कोणाला त्रास झालेला मला चालणार नाही. झाला, तर त्याच गाडीनं परत."

दादा एकदा बोलला की बोलला. शाळेत त्यानं सहलीची बस तीन मिनिटं उशीर झाला म्हणून स्वतःच्या सख्ख्या भावाला, म्हणजे मापसाहेबांनाच, मागे ठेवून नेली होती. त्यामुळे मापसाहेबांना रात्र रात्र झोप नव्हती. कोणालाही, कसलाही, तिळमात्र त्रास होता कामा नये. भावाला वाचवायचं तर सामान शांतपणे उतरलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पहिला त्रास सेक्रेटरींनी दिला. इमारतीच्या पुढच्या दारात नवीन फरशा बसवल्या होत्या, म्हणून सामानाची गाडी पुढे उभी करायला बंदी. सामानाची लिफ्ट तळघरात, म्हणून गाडी तळघरातल्या पार्किंगमध्येच गेली पाहिजे. त्यासाठी 'सामान आत आणण्याचा अर्ज', तीन प्रतींत. आणि खाली बारीक अक्षरात: सामान उतरल्यावर गाडी रिकामीच बाहेर जाईल, भरलेली जायची असल्यास 'सामान बाहेर नेण्याचा अर्ज', कमिटीच्या दोन सह्यांनिशी.

"मागे एकाचं वॉशिंग मशीन गेलं होतं," सेक्रेटरी म्हणाले.

"चोरीला?"

"नाही, त्याच्या मेहुण्याकडे. पण सांगून गेलं नाही."

तळघराच्या तोंडाशी एक आडवी तुळई आहे. तिच्यावर उंचीची पाटी आहे, पण पाटीवर विश्वास ठेवायचा तर वजनमापे खातं काढलंच कशाला? मापसाहेबांनी शिडी लावून तुळई तीन ठिकाणी मोजली. सात फूट, बरोबर. मग ठरल्या दिवशी सकाळी ते दादाच्या घरी गेले. लोखंडी कपाट, शिसवी पलंग, वहिनींचं शिवणयंत्र, पुस्तकांच्या अकरा ट्रंका असं सगळं व्हॅनमध्ये चढलं, दोन हमालांनी घाम पुसला, आणि मापसाहेबांनी व्हॅनच्या टपाला टेप लावली. सहा फूट साडेअकरा इंच. अर्धा इंच शिल्लक!

"साहेब, आत्ता गाडी भरलेली आहे हां," ड्रायव्हर म्हणाला.

"भरलेली गाडी आत जाते की नाही, हाच तर प्रश्न आहे," मापसाहेब म्हणाले. ड्रायव्हर तोंड उघडणार होता, पण समोर टेपवाला माणूस पाहून गप्प बसला. जाणत्या माणसाला गप्प बसवायला टेपइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

गाडी आत गेली, आणि काय गेली! मापसाहेब तुळईखाली पाठमोरे चालत, दोन्ही हातांनी 'या, या' करत होते. टप आणि तुळई यांच्यामध्ये बरोबर अर्धा इंच. वॉचमननं टाळी वाजवली. दादा पुढच्या सीटवर बसला होता. त्यानं खिडकीतून वर पाहिलं, खाली पाहिलं आणि "हं" म्हणाला. दादाच्या "हं"ला मापसाहेबांच्या हिशेबी प्रमाणपत्राची किंमत होती. तो क्षण त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिला, कारण त्या दिवसातला तेवढाच एक बरा होता.

सामान उतरलं. लिफ्टशेजारी ट्रंकांची रास, तिच्याशेजारी कपाट, आणि दादा स्वतःच्या आरामखुर्चीत. पंचेचाळीस मिनिटांत काम झालं. व्हॅन तळघराच्या वाटेत उभी असल्यानं तिच्यामागे अकरा गाड्या अडकल्या होत्या, पण आता काय, निघालीच. ड्रायव्हरनं गाडी वळवून तुळईशी आणली, आणि खण्ण असा आवाज झाला.

ड्रायव्हर खाली उतरला. मापसाहेब पुढे आले. टपाचा मागचा भाग तुळईच्या वर होता. थोडा नाही, चांगला दीड इंच.

वॉचमननं व्हॅनला एक फेरी मारली. "आत आली ती हीच ना?"

मापसाहेबांनी टेप काढली. सात फूट दीड इंच. टेप पुसून पुन्हा मोजलं. सात फूट दीड इंच. बत्तीस वर्षं ज्या टेपच्या जोरावर त्यांनी भल्याभल्या कापडवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, ती टेप आज त्यांच्याच तोंडावर खोटं बोलत होती.

मग माणसं जमली. अशा वेळी माणसं कुठून जमतात हे कळत नाही. एरवी वार्षिक सभेला चार डोकी येत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पत्रा तापला की फुगतो, ओल्या फडक्यानं पुसा. त्यांचे यजमान नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. जिमला निघालेला एक तरुण म्हणाला, टायरमधली हवा काढा. त्यावर ड्रायव्हर उखडला. "हवा भरायचं दुकान इथून किती लांब आहे माहितीये? बसलेल्या टायरवर गाडी चालवली तर टायर जाईल, आणि टायरमागोमाग मी." सेक्रेटरींनी मात्र सगळ्यांवर कडी केली. ते एकाएकी पांढरेफटक पडले आणि हळूच म्हणाले, "मापसाहेब, गाडी काही वाढायची नाही. म्हणजे... इमारत खचली की काय?"

हे ऐकून काकू घरातले दागिने आणायला वर जायला निघाल्या. त्यांना वॉचमननं अडवलं. मापसाहेबांनी पुन्हा शिडी लावून तुळई मोजून दाखवली, सात फूट बरोबर, तेव्हा इमारत वाचली. मापसाहेबांची अब्रू मात्र वाचली नाही.

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाई किल्ली नाचवत आल्या. त्यांची गाडी व्हॅनच्या बरोबर मागे. "अहो, अक्कलदाढेचा पेशंट खुर्चीत बसलाय! रात्रभर झोपला नाही बिचारा. ही गाडी आधी काढा."

"त्रास होतोय ना तुम्हाला?" आरामखुर्चीतून दादानं विचारलं.

"होतोय म्हणजे काय! खूपच."

दादा मान हलवून हसला. मापसाहेबांनी ते हसू ओळखलं. सहलीच्या बसच्या खिडकीत त्यांनी हेच हसू पाहिलं होतं.

"सेक्रेटरी," दादा म्हणाला, "तो सामान बाहेर न्यायचा अर्ज द्या बघू."

"दादा, अरे—"

"भरलेली गाडी आत आली, तर भरलेली गाडी बाहेर जाईल. त्रैराशिक सोपं आहे. सामान चढवा, मी पुढे बसतो. ह्यांच्या गाड्या सुटतील." आणि हेडमास्तर चष्मा लावून, ट्रंकेवर कागद ठेवून, मोत्यासारख्या अक्षरात अर्ज भरू लागले. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'शेजाऱ्यांस त्रास.'

काम किती सोपं होतं ते पहा. सेक्रेटरींची एक सही. दुसरी डॉक्टरबाईंची, त्याही कमिटीवर. आणि डॉक्टरबाईंना अक्कलदाढेपुढे कसलीच हरकत नव्हती. त्यांनी पर्समधून पेन काढलंही. हमाल तेवढे कुरकुरत होते, पण हमालांची सही लागत नाही. एका अर्जात गाडी सुटणार होती आणि दादा जाणार होता. तिकडे पुन्हा एक दिवस तो 'बसणार' होता, आणि त्या दिवशी दूधवाल्याची सुट्टी असणार होती.

मापसाहेबांची बायको त्यांना खांबाआड घेऊन गेली. "अहो, गाडी उंच कशी झाली ते तुम्हाला कळतंय का?"

"नाही."

"कोणाला कळेल?"

कोणाला कळेल ते मापसाहेबांना पक्कं माहीत होतं. तो नंबर त्यांच्याकडे होताही. निरोपसमारंभात कोणीतरी सगळ्यांचे नंबर छापून वाटले होते. काही माणसांना डोंगर चढायला लावलं तर चढतील, पण व्हरांडा ओलांडता येत नाही. मापसाहेबांनी डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन पाहिलं, डोळे मिटले आणि नंबर लावला.

"कोण?"

"मी. समोरच्या खोलीतला."

"माप?"

"हो."

"बोल."

मापसाहेबांनी सगळं सांगितलं. भरल्या गाडीचं माप, अर्धा इंच, दीड इंच, सगळं. पलीकडून "अगं, इकडे ये, तूही ऐक" अशी हाक ऐकू आली, आणि मापसाहेबांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. दोन माणसं पोट धरधरून हसल्याचा आवाज आला.

"अरे," वजनवाले धापा टाकत म्हणाले, "सामानाच्या वजनानं गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दबले होते. तू दबलेल्या गाडीचं माप घेतलंस. सामान काढलं, पाटे उठले, गाडी वर आली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हा! तसल्या गाडीचे पाटे एका इंचाला चारशे किलो खातात. दोन इंच दाबायची म्हणजे आठशेच्या वर ठेव. सामान परत भर, झालं."

"सामान नाही भरायचं."

"का?"

"सामान भरलं तर दादा जाईल." आणि मग का कोण जाणे, तीस वर्षं ज्याला चहाही विचारला नव्हता त्या माणसाला मापसाहेबांनी न्हाणीघराचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं.

पलीकडचं हसू थांबलं. "मग माणसं भर," वजनवाले म्हणाले. "पाट्याला काय, लोखंड आणि माणूस सारखंच. सगळ्यांना मागे बसव. आणि फोन कर काय झालं ते."

मापसाहेब खांबाआडून बाहेर आले तेव्हा डॉक्टरबाईंची सही अर्धी झाली होती. त्यांनी अर्जावर हातच ठेवला.

"सही थांबवा. सकाळपासून सगळे सल्ले देताय, आता सगळे गाडीत बसा. आठशे किलो माणसं हवीत मला. हे सामान परत चढलं तर माझा भाऊ परत जाईल, आणि तिकडे एकटा पडेल आणि कोणाला कळणारही नाही."

"पडलो नव्हतो," खुर्चीतून आवाज आला.

काकूंनी पदर खोचला. "सरका. मला आधी चढू दे."

मापसाहेबांनी अर्जाच्या पाठीमागे वजनं लिहायला घेतली. काकू म्हणाल्या, "पन्नास लिहा." तेव्हा त्यांचे यजमान त्या सकाळी पहिल्यांदाच खोकले. सेक्रेटरी म्हणाले, माल वाहायच्या गाडीत माणसं बसवणं नियमात बसत नाही, आणि माझं वजन ही खाजगी बाब आहे. पण डॉक्टरबाईंनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. दोघे हमाल 'परत सामान चढवण्यापेक्षा बरं' म्हणून आनंदानं चढले. काकूंचे यजमान चढले, वॉचमन चढला, जिमवाला तरुण चढला, मापसाहेबांची बायको चढली. एकूण नऊ. कागदावर पाचशे दहा किलो झाले. पण काकू, सेक्रेटरी आणि कंपनी जे बोलली त्यापेक्षा पाटे बरंच जास्त बोलले. गाडी कुरकुरत खाली खाली आली. मापसाहेब शिडीवरून पाहत होते. एक इंच. दीड इंच. आणि तिथे थांबली. टप तुळईला टेकलेलाच. आणखी थोडंसं हवं होतं.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. तळघरात आता वजनदार असं एकच माणूस उरलं होतं. गाडीतली नऊ तोंडं त्याच्याकडे वळली. मापसाहेब वळले नाहीत. ते टेपकडेच पाहत राहिले. दादाला गाडीत बस म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. बसला की गेला.

दादा आपला आपण उठला. अर्ज घडी घालून खिशात ठेवला. व्हॅनचं मागचं फळकूट आता चांगलंच खाली आलं होतं. हमालांनी हात पुढे केले ते त्यानं पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि एका ढांगेत आत चढून दाराशीच बसला. पाटे करकरले. मापसाहेबांनी टप आणि तुळईमधून टेपची कड घातली. गेली!

"चला!" ते ओरडले.

ड्रायव्हरनं श्वास रोखून गाडी काढली. तुळई टपावरून नखभर अंतरानं सरकली. मग चढ लागला आणि सगळी कमिटी दादाच्या अंगावर घसरली. काकूंची किंकाळी वर रस्त्यापर्यंत ऐकू गेली. मापसाहेब धापा टाकत मागोमाग चढ चढून आले, तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि माणसं उड्या मारून उतरत होती. डॉक्टरबाई गाडी आणायला खाली पळाल्या. सेक्रेटरी कपडे झटकत 'याची नोंद होईल' म्हणत उतरले. काकूंना त्यांच्या यजमानांनी उतरवून घेतलं. एकेक माणूस उतरे, तशी गाडी कुईकन थोडी वर येई. शेवटी सगळे उतरले.

दादा उतरला नाही. रिकाम्या व्हॅनमध्ये, दाराशी, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. खिशातून अर्जाची घडी डोकावत होती.

"काका, परत सोडू का?" ड्रायव्हरनं पुढून विचारलं. "मला तिकडूनच जायचंय."

मापसाहेब जवळ गेले.

"दादा, उतरतोस ना?"

"बसलोय जरा," दादा म्हणाला.

मापसाहेबांनी खाली पाहिलं. गाडी रिकामी झाली होती, पाटे उठले होते, आणि दादा मघाशी ज्यावर एका ढांगेत चढला ते फळकूट आता दीड इंच वर आलं होतं. सवयीनं त्यांचा हात खिशातल्या टेपकडे गेला.

"टेप राहू दे," दादा म्हणाला. "मघाशी हे एवढं उंच नव्हतं. हात दे."

दादानं आजवर कोणाकडे हात मागितला नव्हता, वहिनीकडेसुद्धा नाही. मापसाहेबांनी दोन्ही हात दिले. दादा उतरला तेव्हा त्याचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर आला आणि ते स्वतःच इंचभर दबले. ड्रायव्हरनं जराशी वाट पाहिली आणि गाडी घेऊन निघून गेला.

"तुझ्याने काही होत नाही," दादा म्हणाला. मग थोडा दम खाऊन, "चल, सामान वर न्यायचंय. कपाट लिफ्टच्या दारातून जाईल ना?"

मापसाहेबांनी टेप खिशात आणखी खोल सारली.

"मोजलंयस ना?"

"नाही मोजलं."

"वाटलंच," दादा म्हणाला, आणि त्यांचा हात धरून उतार उतरू लागला.